बातमी ॲपची येते, दुरुस्ती कोणाच्या लॉगिनला ते येत नाही

राळेगावकडच्या एका पदवीधर तरुणाचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा : "बाबांच्या शेतात कापूस उभा आहे, तरी हमीभावानं विकायला लागणारी कपास किसान ॲपवरची नोंदणी नामंजूर झाली. इकडे रोज बातमी असते, नवं ॲप, नवं पोर्टल, एआय. गावातल्या माणसाला याचा खरंच फायदा होतो का, की सगळी जाहिरातच? कर्जमाफीबद्दल यूट्यूबवर जे सांगतात त्यातलं काय खरं धरायचं? आणि एआय आल्यावर तुमची केंद्रं कशाला लागतील?"

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक त्याला अजून सेतूच म्हणतात. २०१७ च्या कर्जमाफीच्या अर्जांपासून फार्मर आयडीपर्यंत सगळं याच टेबलावरून गेलेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

फायदा होतो, हे आधी सांगून टाकतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. पूर्वी तलाठ्याच्या सज्ज्यावर (कार्यालयात) जा, साहेब मिटिंगला गेलेत असं ऐका आणि उद्या परत या, असा तो कार्यक्रम असे. (तलाठी आता कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी' झालेत, पण आमच्याकडे तलाठी म्हटल्याशिवाय कोणाला समजत नाही.) ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीची मदत जाहीर झाली, तेव्हा ज्यांचा ॲग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी-नोंदणीचा नंबर, म्हणजे फार्मर आयडी, आधीच निघाला होता त्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट मिळाली. एकदा केलेलं काम पुढे कामी आलं. त्यामुळे 'सगळी जाहिरातच' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण नीट चाललेलं ॲप घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. येतो तो अडकलेला माणूस. त्याच्या बाजूनं पाहिलं तर प्रत्येक योजनेत एकच गोष्ट बघायची असते : चूक झाली तर ती दुरुस्त करायचा अधिकार कोणाच्या लॉगिनला दिलाय? एकाच पोर्टलवर नागरिकाचं लॉगिन वेगळं, आमचं केंद्रचालकाचं वेगळं, तलाठ्याचं वेगळं, तहसीलचं वेगळं, जिल्ह्याचं आणि मंत्रालयाचं त्याहून वेगळं. अर्ज भरायचं बटण सगळ्यात खालच्या लॉगिनला असतं. भरलेलं बदलायचं बटण कधी तहसीलला, कधी मुंबईला, कधी दिल्लीला. काही योजनांत ते कोणालाच दिलेलं नसतं, मुदत संपली की विषय संपला. उद्घाटनाच्या बातमीत यातलं अक्षर येत नाही. किती लाख नोंदण्या झाल्या, तेवढं येतं.

फार्मर आयडीचंच बघा. ॲग्रिस्टॅकमध्ये शेतकऱ्याला ११ अंकी क्रमांक मिळतो आणि १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना तो सक्तीचा झाला. अर्ज भरताना आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी किती जुळतं याचा स्कोअर स्क्रीनवर दिसतो. चांगला जुळला तर काम सरकतं, कमी पडला तर प्रकरण महसूलच्या माणसाकडे तपासणीला जातं. आता आपल्याकडची नावं डोळ्यांसमोर आणा. सातबाऱ्यावर 'नामदेव', आधारवर 'नामदेवराव'. बापाच्या नावाला एका कागदावर 'जी' लागलेला, दुसऱ्यावर नाही. बाईचं नाव शेताच्या कागदावर माहेरचं, आधारवर सासरचं. माणूस समोर बसलेला, शेत त्याचंच, अख्ख्या गावाला ठाऊक. यंत्राच्या लेखी मात्र ते दोघं जण. "मी मीच आहो, हे आता कोनाले सांगू बावा?" असं एका काकाजींनी मला विचारलं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण सातबाऱ्यातला लेखनप्रमाद दुरुस्त करायला तहसीलदारांचा जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चा आदेश लागतो, आधारमधला असेल तर आधार केंद्र. दोन्ही माझ्या लॉगिनला नाहीत. भांडण मात्र माझ्या टेबलावर होतं, कारण खुर्चीवर दिसणारा माणूस मीच.

त्यात आजा जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबारा त्याच्याच नावे, ही आपल्याकडची सर्रास गोष्ट. म्हणून २०२५ मध्ये बुलढाण्यातून सुरू होऊन राज्यभर गेलेली 'जिवंत सातबारा' मोहीम मला कुठल्याही नव्या ॲपपेक्षा मोठी बातमी वाटली. मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावायची, एवढंच. जुनं, कंटाळवाणं, फीत कापायला काही नसलेलं काम. पण ते झाल्याशिवाय वरची सगळी सॉफ्टवेअरं मेलेल्या माणसाच्या नावानं ओटीपी मागत बसतात.

आता तुमच्या बाबांचं. भारतीय कापूस महामंडळानं २०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावानं कापूस विकायला कपास किसान ॲपवर आधी नोंदणी आणि मग स्लॉट असं ठेवलं. त्या हंगामात भाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. नोंदणीत जमीन आणि कापसाचं क्षेत्र दाखवावं लागतं, आणि ते क्षेत्र येतं पीक पाहणीतून. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू आहे. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ॲप जागा तपासतं. कल्पना चांगलीच आहे. घरी बसून पेरा लिहिण्याचे दिवस आम्ही पाहिलेत.

पण आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात. त्यासाठी मिश्र पीक निवडून दोन्हींचं क्षेत्र वेगळं टाकावं लागतं. घाईत कोणी नुसती तूर टाकतो. कोणी भाच्याला फोन देतो आणि भाचा शेजारचा गट नंबर निवडतो. कुठे रेंज नाही म्हणून फोटो अपलोडच होत नाही, आणि मुदत निघून जाते. स्वतः केलेली नोंद ४८ तासांत स्वतःला बदलता येते. त्यानंतर ती शेतकऱ्याच्या हातात राहत नाही. हे ४८ तास किती जणांना माहीत आहेत, तुम्हीच गावात विचारून पाहा.

तेव्हा आधी बाबांचा नमुना बारा (सातबाऱ्यातला पिकांचा भाग) काढून या हंगामासमोर काय लिहिलंय ते वाचा. 'कापूस' आहे आणि क्षेत्रही बरोबर आहे, तर घोळ अर्जात आहे : नाव, गट क्रमांक, नाहीतर कागदाचा धूसर फोटो. तो दुरुस्त होण्यासारखा असतो. पण रकाना कोरा असेल किंवा तिथे तूर असेल, तर ॲपवर पुन्हा पुन्हा अर्ज टाकून उपयोग नाही, कारण ॲप जे वाचतंय तेच चुकीचं आहे. तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, शेताचे तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या. पोच विसरू नका. तोंडी सांगितलेलं कुठल्याच लॉगिनला दिसत नाही.

कापसाच्या बाबतीत सगळा राग ॲपवर निघतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते, हेही सांगायला हवं. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस बाजारात यायच्या वेळी व्यापाऱ्याचा भाव हमीभावाखाली, म्हणून लोंढा खरेदी केंद्रांकडे. तिथे ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की माल घेतच नाहीत. ॲप नसतं तरी ही रांग लागलीच असती. फरक इतकाच की ती जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची दिसली असती आणि तिचा फोटो पेपरात आला असता. मोबाइलमधल्या रांगेचा फोटो निघत नाही. सत्तेत बसलेल्या कुणालाही, कुठल्याही पक्षाच्या, ही गोष्ट सोयीची असते.

टाइप कोणी करायचं हे ठरवणं म्हणजेच राजकारण, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवून बघा. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, भाजप-शिवसेनेच्या सरकारची, दीड लाखापर्यंत. अर्ज शेतकऱ्यानं ऑनलाइन भरायचा होता. कुटुंब हा घटक, म्हणून नवरा-बायको दोघांचं आधार. दिवस डवरणी-निंदणीचे, आणि दोघंही मजुरी बुडवून केंद्राच्या पायरीवर. कर्ज किती, कोणत्या खात्यात, कधीचं, हे सगळं बँकेकडे होतंच. तेच शेतकऱ्यानं पुन्हा सांगायचं, आम्ही टाइप करायचं, आणि मग ते बँकेच्या माहितीशी ताडून बघायचं. एक आकडा इकडे-तिकडे झाला की नाव बाजूला. दिवाळीत समारंभात प्रमाणपत्रं वाटली गेली, याद्यांची छाननी त्यानंतरही कितीतरी दिवस चालू होती.

डिसेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीनं महात्मा जोतिराव फुले योजना आणली, दोन लाखांपर्यंत. या वेळी अर्जच ठेवला नाही. बँकांनी आपल्याकडची माहिती चढवली, फेब्रुवारी २०२० पासून याद्या गावात लागल्या, प्रत्येक नावासमोर विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्यानं यायचं, रक्कम वाचायची, मान्य असेल तर अंगठा लावायचा. आधार नंबर किंवा रक्कम मान्य नसेल तर तसं तिथेच नोंदवायची सोय होती. जिल्हा तोच, बँका त्याच, इंटरनेटही त्याच दर्जाचं. तरी आमच्या केंद्रावरचा गोंधळ पूर्वीच्या मानानं कितीतरी कमी होता. ही योजना सगळ्यात चांगली होती असं मी म्हणत नाही. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांचं प्रोत्साहन जाहीर झालं, ते वाटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला, तोवर सरकारही बदललं होतं. पण टाइप करायचं ओझं बँकेवर टाकलं तर काय होतं, ते तिथे दिसलं.

म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंचं आंदोलन नागपूरला झालं आणि मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सांगितलं, तेव्हा पारावर सगळे रकमेवर बोलत होते आणि मला एकच जाणून घ्यायचं होतं : अर्ज की यादी? चॅनेलवाल्यांपैकी कोणी हे विचारलेलं माझ्या ऐकण्यात नाही. माझ्या मते आंदोलनाच्या मागणीपत्रात रकमेइतक्याच मोठ्या अक्षरांत हे हवं होतं, की बँकेकडे आहे ते आमच्याकडून मागू नका, यादी भिंतीवर लावा.

आमच्या धंद्याबद्दलही बोलतो, नाहीतर दुसऱ्यांवरच बोट दाखवल्यासारखं होईल. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा होता. शेतकऱ्यानं एक रुपया द्यायचा आणि अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये. म्हणजे जितके अर्ज तितकी कमाई, आणि खऱ्या-खोट्याची झळ भरणाऱ्याला नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जागेवर, नसलेल्या पिकावर विमे निघाले. पेपरात मथळा आला 'बोगस शेतकरी'. त्यातल्या कितीतरी जागी शेतकरी नव्हताच, होता तो ४० रुपयांचा हिशोब. योजना २०२५ मध्ये बंद झाली, पुन्हा खरिपाला दोन टक्के आणि कापसाला पाच टक्के हप्ता आला. त्याच बदलात आणखी एक गोष्ट गेली, जिची बातमी गावात पोचलीच नाही : गारपीट, अतिवृष्टी किंवा काढणीनंतरच्या नुकसानीची वैयक्तिक तक्रार. भरपाई २०२५ मध्ये पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठेवली. तरी लोक सवयीनं पाऊस झाल्यावर ७२ तासांच्या आत १४४४७ ला फोन लावायला माझ्याकडे धावत येत होते. नियम बदलल्याचं त्यांना सांगायचं काम कोणाचं होतं?

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीवर जास्त लिहीत नाही, कारण जवळपास प्रत्येक घरानं ते भोगलंय. एक नमुना पुरे. 'कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत नाही' अशा अर्थाचं नकारार्थी वाक्य आणि खाली होय किंवा नाही. बाया सरळ मनानं 'नाही' दाबत. झालं, शेतमजुराची बायको सरकारी नोकराची बायको ठरली. पुढे अंगणवाडी सेविकांना घरोघरी पडताळणीला पाठवावं लागलं. ते वाक्य सोडण्याआधी धारणीच्या किंवा झरीच्या चार बायांना वाचून दाखवलं असतं तर हे झालं नसतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. त्यांना तेवढा वेळ कोणी देत नाही, कारण तारीख आधी जाहीर झालेली असते.

आता यूट्यूबचं. मंत्र्यानं सभेत बोलणं, मंत्रिमंडळानं मान्य करणं, शासन निर्णय (जीआर) निघणं आणि निधी वितरित होणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओवाले पहिलीला चौथीचा मथळा देतात : 'खात्यात पैसे जमा होण्यास सुरुवात'. मी जीआर बघितल्याशिवाय कोणाला फॉर्म भरायला बसवत नाही. प्रत्येक जीआरवर एक लांब सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२५१००९ ने सुरू होणारा ९ ऑक्टोबर २०२५ चा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवरची तारीख आणि हे आकडे जुळत नसतील तर सावध व्हा. जुळत असले तरी तो क्रमांक राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. जीआर सापडला की शेवटची पानं वाचा. अंमलबजावणी कोण करणार आणि तक्रार कोणाकडे, ते तिथे असतं. योजनेच्या नावानं एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडूही नका. पैसे गेलेच तर १९३० ला फोन लावा, बँक उघडायची वाट बघू नका.

अजून एक गोष्ट, जी आमच्या भागात कोणी बोलत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेले त्याचे नियम. आधार आणि ओटीपी लोक ज्या मोकळ्या मनानं माझ्यासमोर ठेवतात, ते बघता असा कायदा हवाच होता. पण त्याच कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देताना सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्या कलमातच तपासावं लागे. आता वैयक्तिक एवढं म्हटलं की पुरतं. जनहिताची वाट कलम ८(२) मध्ये आहे, पण ती खेड्यातल्या अर्जदारानं शोधून दाखवायची. लाभार्थ्यांच्या याद्या उद्या याच कारणानं झाकल्या तर? २०२० ची यादी भिंतीवर होती म्हणून शेजारच्यानं सांगितलं, "तुह्या भावाचं नाव दोनदा आलं ना बे." हे मला कुठल्याही बातमीपेक्षा गंभीर वाटतं.

एआय आल्यावर केंद्रं लागतील का? काही कामं जातील आणि गेलीच पाहिजेत. राज्यानं २०२५ मध्ये महाविस्तार नावाचं एआय ॲप शेतकऱ्यांसाठी काढलं, मराठीत बोलून विचारता येतं. हवामान, बाजारभाव, योजनेची पात्रता, यासाठी कोणी माझ्यापर्यंत यायची गरज नाही. मी स्वतः ते लोकांना फोनवर टाकून देतो. पण त्यालाही तोच प्रश्न लावा : चुकलं तर कोण? योजनेची चुकीची माहिती मिळाली तर एक हेलपाटा वाया जाईल. फवारणीचं तसं नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, दवाखान्याचे वॉर्ड भरले. दोन-तीन औषधं एकत्र मिसळायची सवय आपल्याकडे आजही आहे. त्यामुळे मोबाइलनं कोणतंही मिश्रण सुचवलं, मग ते सरकारी ॲप असो की दुसरं कुठलं, तर डब्यावरचं लेबल वाचा, कृषी सहायकाला विचारा, आणि दुकानातून पक्कं बिल घ्या ज्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर असेल. बिल फाडायला दुकानदार कुरकुर करतो. करू द्या, घ्याच.